टू-एल बसवलेली जीप आणि पुन्हा पुन्हा तोच पार्ट: सॅम्पल नेण्याआधी हे तपासा

अमळनेरच्या एका स्पेअर पार्टच्या काउंटरवर माझं आणि शेठचं बोलणं गेली काही वर्षं ठरल्यासारखं व्हायचं.

“कोणती गाडी?”

“महिंद्राची जीप, पाचशे चाळीस.”

“मग प्यूजो इंजिनचं देऊ?”

“नाही, इंजिन टोयोटाचं बसवलंय.”

“म्हणजे क्वालिसचं?”

“क्वालिसचं नाही, जपानहून आलेलं. पण तसलंच.”

‘तसलंच’ ऐकलं की शेठ चष्मा कपाळावर सरकवायचे आणि कॅटलॉग मिटायचे. “भाऊ, पह्यले सॅम्पल लई ये.”

मग गाडी उघडा, जुना पार्ट काढा, डिझेलने धुऊन पिशवीत घाला, शेठपुढे ठेवा. शेठ त्याच्याशी जुळणारा नवा देणार, तो बसणार, आणि काही दिवसांत नाहीतर काही महिन्यांत तीच तक्रार परत. हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण म्हणजे हेड, यांच्यामधला सील), हीटर प्लग (थंडीत डिझेल इंजिन सुरू करण्याआधी आतून तापवणारा), क्लच प्लेट (इंजिनची ताकद गिअरबॉक्सला जोडणारी). माझ्या आणि ओळखीतल्या गाड्यांना हेच तीन पार्ट आळीपाळीने छळायचे. शेठ सॅम्पलबरहुकूम देत होते, फिटर तो बसवत होता, घोळ सॅम्पलमध्ये नाहीतर इंजिनच्या मूळ बसवणीत होता. ज्याने कधीकाळी इंजिन बसवलं त्याने त्या दिवशी हाताला लागेल ते घातलं, आणि पुढे आम्ही सगळे इमानेइतबारे त्याचीच नक्कल विकत आणत राहिलो.

खाली उदाहरणं टोयोटाच्या एल मालिकेच्या डिझेल इंजिनांची (टू-एल, थ्री-एल वगैरे) आहेत, कारण माझी गाडी तीच. इसुझू, निसान, मित्सुबिशीला पद्धत हीच, आकडे वेगळे.

आधी इंजिनचं खरं नाव

भंगार बाजारात टोयोटाचं कुठलंही डिझेल ‘क्वालिसचं इंजिन’ म्हणून विकतात. क्वालिसमध्ये टू-एल होतं, २४४६ सीसी. पण त्याच घराण्यात थ्री-एल आहे २७७९ सीसीचं, फाइव्ह-एल आहे २९८६ सीसीचं. बाहेरून तिन्ही भावंडं. टू-सी तर वेगळ्याच घराण्यातलं, १९७४ सीसी, आणि तेही ‘टू’ म्हणून त्याच ढिगाऱ्यात पडलेलं असतं. ‘टोयोटा टू’ एवढंच ऐकून पैसे दिलेले लोक मला माहीत आहेत.

टोयोटाच्या इंजिन नंबराची सुरुवातच कोडने होते. ब्लॉकवरच्या सपाट जागेवर तो ठोकलेला असतो, फक्त त्यावर पंधरा वर्षांचं तेल आणि आपली काळी माती बसलेली असते. डिझेल, तारेचा ब्रश आणि अर्धा तास द्या. अंक दिसत नसतील तर खडू घासून बोट फिरवा, खोलगट भागात खडू राहतो. फोटो काढून ठेवा.

इंजिन हाफ कटमधून आलं असेल, म्हणजे गाडीचा अर्धा पुढचा भागच आला असेल, तर इंजिनमागच्या पत्र्यावरची पाटी भंगारात जाऊ देऊ नका. जपानमधल्या गाड्यांना आपल्यासारखा सतरा अक्षरांचा चॅसिस नंबर नसतो. तिथे फ्रेम नंबर असतो, आणि टोयोटाच्या फ्रेम नंबरातलं पहिलं अक्षर इंजिनच्या घराण्याचं. ‘एलएन’ म्हणजे एल इंजिनची हायलक्स, ‘एलएच’ म्हणजे एल इंजिनची हायएस. त्या नंबरावरून पार्टचा नंबर काढता येतो. माझ्या इंजिनसोबतची पाटी मी पाहण्याआधीच विकली गेली होती, त्यामुळे माझ्या वाट्याला तारेचा ब्रश आला.

आणखी एक गोष्ट बघायची म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरखालचा प्रकार. जुन्या टू-एलच्या हेडमध्ये रॉकर, म्हणजे झडपा दाबणारे छोटे दांडे, आहेत. नंतरच्या, ज्याला टू-एल टू म्हणतात, त्यात रॉकर नाहीत, कॅम थेट झडपेवरच्या वाटीवर, म्हणजे बकेटवर, दाबतो. हेडचे पार्ट मागवायच्या आधी कव्हर उघडा. नाव तेच, आतला संसार निराळा.

इसुझूवाल्यांचं नशीब थोडं बरं. फोर-जेए-वन हे तवेरातलं इंजिन, २४९९ सीसी, त्यामुळे बरंच काही इथेच मिळतं. पण फोर-जेबी-वन २७७१ सीसीचं. दोघांचा बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास) ९३ मिमीच, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) मात्र ९२ आणि १०२. बोअर सारखा दिसला म्हणून तवेराचे पिस्टन उचलून आणू नका.

उन्हाळ्यात उडणारं हेड गॅस्केट

हे पारोळ्याच्या माझ्या चुलतभावाच्या गाडीचं. दर वर्षी मे महिना आला की गॅस्केट उडणार. आपल्याकडचं ऊन, पंचेचाळीसच्या आसपासचा पारा, जीपचा लहान रेडिएटर. सगळ्यांनी दोष उन्हाला दिला, मीही दिला. रेडिएटर मोठा केला, पंखा बदलला. तरी गॅस्केट उडालंच.

तिसऱ्यांदा हेड काढलं तेव्हा मी जळालेलं गॅस्केट टाकून न देता ब्लॉकवर परत ठेवून पाहिलं. गॅस्केटच्या भोकाला जी पोलादी कडा असते, तिला आम्ही फायर रिंग म्हणतो, ती बोअरच्या काठावर बसायला हवी. ती चारी सिलिंडरमध्ये आत डोकावत होती, सगळीकडून सारखीच. आतल्या कडेचा रंग निळा-काळा, एका ठिकाणी कातरल्यासारखी तुटलेली. वर्निअर, म्हणजे बारीक मापाची पट्टी, लावला. गॅस्केटचं भोक ब्याण्णवच्या जरा वर आणि बोअर शहाण्णव.

टू-एलचा बोअर ९२ मिमी, थ्री-एलचा ९६. गाडी ‘टू-एल’ म्हणून विकलेली, गॅस्केट टू-एलचं, ब्लॉक थ्री-एलचा. बोल्टची भोकं जुळतात, म्हणून बसवताना कुणाला शंका येत नाही. पण कडा दोन-दोन मिमी ज्वाळेत लोंबकळते, मग ती किती टिकणार? ऊन फक्त निमित्त होतं. नंतर खरडून काढलेल्या नंबरातही थ्री-एलच निघालं. हे काम आधी केलं असतं तर तीन गॅस्केटचे पैसे वाचले असते.

बोअर जुळला तरी गॅस्केटची जाडी उरतेच. या डिझेल इंजिनांत पिस्टन वर आल्यावर ब्लॉकच्या पातळीपेक्षा किंचित बाहेर येतो. तो किती येतो ते डायल गेजने, म्हणजे बारीक फरक दाखवणाऱ्या काट्याच्या मापकाने, मोजून त्याप्रमाणे गॅस्केट निवडायचं असतं, म्हणून एकाच इंजिनला दोन-तीन जाड्यांची गॅस्केट येतात आणि कडेला त्याची खूण असते. पातळ घातलं तर पिस्टन आणि हेडमधली जागा धोक्याची होते, जाड घातलं तर कॉम्प्रेशन पडतं आणि सकाळी गाडी सुरू व्हायला कुरकुरते. हेडला एकदा ग्राइंडिंग मारलं, ब्लॉकही घासला, की मूळ खूण धरून चालत नाही. परत मोजा. आमच्याकडे बरेच फिटर ‘जाड घाला, सेफ राहील’ म्हणतात. मला ते पटत नाही.

आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरचा रस्ता उघडून देणारी झडप. आम्ही तिला वॉल म्हणतो. उन्हाळा लागला की वॉल काढून फेकायची आपल्याकडे पद्धत आहे. तुमचा थर्मोस्टॅट दोन चकत्यांचा असेल, म्हणजे खालच्या बाजूलाही एक छोटी चकती असेल, तर हे उलटं पडतं. इंजिन तापल्यावर ती खालची चकती बायपासचा रस्ता बंद करते. वॉल काढला की तो रस्ता कायम उघडा, पाणी रेडिएटरकडे न जाता तिथल्या तिथे फिरतं आणि इंजिन आणखी तापतं. एल मालिकेची हेडं तापली की चिरतात, याची ख्याती आहेच. उघडण्याचं तापमान थर्मोस्टॅटवर कोरलेलं असतं. उकळत्या पाण्यात दोऱ्याने सोडून बघा उघडतो का.

हिवाळ्यात जळणारे हीटर प्लग

आता माझी स्वतःची फजिती. धुळे-अमळनेरकडची डिसेंबर-जानेवारीची पहाट ज्याने पाहिली आहे त्याला हीटर प्लगची किंमत माहीत आहे. पहाटे पाचला भाजी घेऊन निघायचं आणि गाडी नुसती पांढरा धूर सोडणार. एका हिवाळ्यात चारचे संच तीनदा बदलले. दर वेळी सॅम्पल नेलं, दर वेळी हुबेहूब तसेच आणले, आठ-पंधरा दिवसांत परत मेले. मी ‘डुप्लिकेट माल’ म्हणून शेठशी भांडलो, हे आठवलं की अजून ओशाळायला होतं.

धुळ्याच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने पाच मिनिटांत सांगितलं. त्याने मीटर चारही प्लग जोडणाऱ्या पट्टीला लावला आणि मला बटण दाबायला सांगितलं. साडेअकरा व्होल्ट. “हे प्लग कमी व्होल्टचे आहेत काका, तुम्ही त्यांना पूर्ण बॅटरी पाजताय.”

टोयोटाच्या डिझेलमध्ये प्लग तापवायच्या निरनिराळ्या पद्धती आहेत. एका पद्धतीत जवळजवळ पूर्ण बॅटरीवर चालणारे प्लग असतात. दुसरीला सुपर ग्लो म्हणतात. तिच्यात सहा व्होल्टच्या आसपासचे प्लग असतात. पहिले काही क्षण त्यांना पूर्ण दाब देऊन पटकन लाल करतात, मग दुसरा रिले रेझिस्टरमधून दाब उतरवतो. हे सगळं गाडीतला टायमर सांभाळतो. माझ्याकडे इंजिन आलं ते मूळ प्लगांसकट, टायमर आणि रेझिस्टर राहिले जपानच्या गाडीच्या डॅशबोर्डमागे. बसवणाऱ्याने एक सोलेनॉइड (विजेवर चालणारा स्विच) आणि पुश बटण लावून दिलं. म्हणजे सॅम्पल इंजिनच्या हिशोबाने अगदी बरोबर होतं, माझ्या वायरिंगच्या हिशोबाने चूक.

तपासायचं असं. पट्टी काढा, प्रत्येक प्लग आणि बॉडी यांत मीटर लावा. रीडिंगच नाही तर प्लग मेला. चारपैकी एक मेला तर तो वयाने मेला असू शकतो, चारही एकदम मेले तर वायरिंगकडे बघा. मग पट्टी लावून बटण दाबा आणि व्होल्ट मोजा. तिथे अकराच्या वर दिसत असतील आणि दाब उतरवणारी कुठलीच सोय नसेल, तर तुम्हाला बारा व्होल्टच्या पद्धतीचेच प्लग हवेत. नाहीतर टायमर, दोन रिले आणि रेझिस्टर असा पूर्ण संच बसवा. मी बारा व्होल्टचे घेतले. घेताना आटा आणि आत जाणाऱ्या टोकाची लांबी जुन्याशी जुळवली, कारण इथे सॅम्पलचा उपयोग तेवढाच. जळालेल्या प्लगचं टोक फुगलेलं असेल तर ओढून काढू नका. ते तुटून आत पडलं तर हेड उतरवावं लागतं.

जपानमधल्या काही लँड क्रूझर आणि छोट्या ट्रकांत चोवीस व्होल्टची व्यवस्था असते. तसलं इंजिन आलं असेल तर सेल्फ, डायनामो, प्लग आणि डिझेल पंपावरचा बंद करायचा सोलेनॉइड, सगळ्यावरचा आकडा वाचा.

क्लच प्लेट: जिथे पार्ट निर्दोष होता

गॅस्केट इंजिनचं, रेडिएटर जीपचा, एवढी वाटणी सोपी आहे. क्लच प्लेट दोन घरची. तिचा बाहेरचा व्यास फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट ठरवतात, म्हणजे टोयोटा. मधल्या हबचे दाते गिअरबॉक्सच्या शाफ्टचे, म्हणजे महिंद्रा. म्हणून काउंटरवर ‘टू-एलची क्लच प्लेट’ मागितली तरी चूक, ‘जीपची’ मागितली तरी चूक. लागणारे आकडे असे: बाहेरचा व्यास, हबच्या दात्यांची संख्या, शाफ्टचा व्यास, हबची उंची आणि तो कुठल्या बाजूला जास्त बाहेर येतो ते. हे शेवटचं लोक विसरतात. हब उलट बाजूला उंच असला तर स्प्रिंगा फ्लायव्हीलच्या बोल्टवर घासतात. तयार प्लेट मिळाली तर उत्तम. नाही तर टोयोटाच्या प्लेटमध्ये जीपचा हब रिव्हेट करून देणारे कारागीर आहेत, आणि नीट केलेलं काम टिकतं.

माझं टिकत नव्हतं. दीड वर्षात तीन प्लेटा. लाइनिंग जाड राहायचं, पण हब मधून फाटलेला. कुणी म्हणे ड्रायव्हिंग वाईट, कुणी म्हणे माल लोकल. तिसऱ्या वेळी गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंगही आवाज करायला लागलं, तेव्हा लेथवाले काका म्हणाले, प्लेट बाजूला ठेव, आधी सेंटर बघू.

टोयोटाचं इंजिन आणि महिंद्राचा गिअरबॉक्स यांच्यामध्ये एक पोलादी अडॅप्टर प्लेट असते, गॅसने कापून भोकं पाडलेली. काकांनी फ्लायव्हीलवर डायल गेज उभा केला, काटा बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या घंटेसारख्या कवचाच्या, आतल्या गोल कडेला टेकवला आणि मला क्रँक हाताने फिरवायला सांगितलं. पाना हळूहळू फिरवत होतो आणि काटा एका बाजूला चढत होता, दुसरीकडे उतरत होता. पूर्ण फेरीत ऐंशी पॉइंटचा फरक, म्हणजे ०.८ मिमी. मध्यबिंदू त्याच्या निम्म्याने सरकलेला. हे सरकणं एक दशांश मिमीच्या आसपासच असायला हवं. म्हणजे शाफ्ट एका सेंटरवर फिरतोय, क्रँक दुसऱ्या, आणि मधली प्लेट दर फेरीला मुरगळतेय. ती फाटली नसती तरच नवल.

उपाय खर्चाचा नव्हता, वेळेचा होता. अडॅप्टरची बोल्टची भोकं किंचित मोठी केली, प्लेट सरकवत सरकवत काटा स्थिर केला, आणि त्या जागी जागा पक्की करणारे दोन नवे डॉवेल पिन ठोकले म्हणजे पुढे कुणी उघडलं तरी तिथेच बसेल. क्रँकच्या टोकाला गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक धरणारा जो पायलट बेअरिंग असतो त्याचा बाहेरचा माप टोयोटाचा आणि आतला जीपच्या शाफ्टचा लागतो. असा तयार बेअरिंग मला मिळाला नाही, म्हणून काकांनी गनमेटलचा बुश कातला. पूर्वीचा बुशही कातलेलाच होता, पण आतून अंडाकृती झिजलेला, आणि फिटर मंडळी दर वेळी ‘चालेल’ म्हणून तोच परत घालत होती. त्यानंतर घातलेली प्लेट अजून चालू आहे, आणि ती त्याच शेठकडची, तसल्याच लोकल मालाची आहे.

काउंटरवर काय बोलायचं

गाडीचं नाव सांगणं मी बंद केलं. पार्टावर छापलेलं वाचतो किंवा मोजतो. ऑइल सीलवर तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. तेवढे सांगितले की गाडी कुठली हे कुणी विचारत नाही. बेअरिंगचंही तसंच. ६२०३ म्हणजे १७ × ४० × १२ मिमी, मग ते डायनामोत असो की पिठाच्या गिरणीत. फॅन बेल्टची रुंदी आणि लांबी त्याच्या पाठीवर छापलेली असते, पुसली असेल तर पुल्यांवरून सुतळी फिरवून मोजा. टायमिंग बेल्टचे दाते मोजा, दोनदा मोजा, रुंदीही घ्या. डिझेल नॉझलवरचा कोरीव नंबर पंपवाल्याला जसाच्या तसा द्या. डीएनने सुरू होणारं आणि डीएलएलएने सुरू होणारं नॉझल एकमेकांच्या जागी चालत नाही.

टोयोटाचा अस्सल पार्ट नंबर दहा आकडी असतो, पाच-पाचचे दोन गट. पहिला गट पार्टचा प्रकार सांगतो: १६१०० वॉटर पंप, १९८५० हीटर प्लग, १३५६८ टायमिंग बेल्ट. दुसऱ्या गटातले पहिले दोन आकडे बहुतेकदा इंजिनचं घराणं सांगतात, एल मालिकेला ५४, सी मालिकेला ६४. डब्यावर ६४ दिसलं आणि तुमचं इंजिन एल असेल तर डबा उघडण्याआधीच परत द्या.

डायनामोबद्दल एक सावधगिरी. टोयोटाच्या या डिझेल डायनामोच्या मागे ब्रेक बूस्टरसाठी व्हॅक्यूम पंप जोडलेला असतो. डायनामो गेला म्हणून स्वस्तातला साधा लावला की चार्जिंग मस्त होतं आणि ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक होतं. कन्नड घाट उतरताना हे कळण्यापेक्षा गॅरेजमध्ये कळलेलं बरं.

क्वालिसशी जुळणारे पार्ट जळगाव-धुळ्यात विचारून बघा. न मिळाल्यास पुण्याची नाना पेठ, आणि जुनं-अस्सल हवं तर कुर्ल्याचा सीएसटी रोड. भुसावळ-जळगावहून लोकमान्य टिळक टर्मिनसला उतरलं की तिथून रिक्षा. जाताना वर्निअर खिशात ठेवा. दुकानदार वर्निअर बघून भावही जरा सरळ सांगतो, असा माझा अनुभव आहे.

कागदाचं थोडक्यात: १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायला आरटीओची आधी मंजुरी लागते आणि आरसीवर नोंद लागते. इंजिनची पावती हरवू नका, आणि नोंद नसलेली गाडी घेताना दहा वेळा विचार करा. विम्याचा दावा अडतो तो इथेच.

माझ्या जीपच्या बॉनेटच्या आतल्या बाजूला आता पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेलं आहे: इंजिन टू-एल, बोअर ९२, प्लग बारा व्होल्ट, गॅस्केटची खूण, क्लचचे दाते, बेल्टची लांबी, चारही ऑइल सीलांची मापं. गॅरेजमधली वही हरवते, बॉनेट हरवत नाही. बुशचं चित्र लेथवाल्या काकांच्या भिंतीवर खडूने काढलेलं आहे. त्यांनी एक जास्तीचा कातून दिलाय, तो ग्रीस लावून सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात गुंडाळून सीटखाली ठेवलाय.